सहा मीटर रुंदीचा रस्ता

आमच्या घरात जमिनीचं बोलणं काढायला आलेल्या माणसाला चहा देत नाहीत. पाणी देतात, तांब्याभांड्यातून, नीट. पण चहा नाही आणि खायला तर मुळीच नाही. हा नियम माझ्या आईने घातला. आमचं वरचं शेत गाड्यांच्या रस्त्याच्या बाजूला होतं. ते मागायला जो दलाल आला त्याने तीन वेळा चहा घेतला, एकदा पोहे खाल्ले, आईच्या हाताची तारीफ केली आणि मग वडिलांना म्हणाला, बांधावरून फक्त ट्रॅक्टर जाईल एवढी वाट द्या. आपल्या घरी खाल्लेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून वडिलांनी वाट दिली. वाटेचा रस्ता झाला, भरावात पाण्याचा चर बुजला, भात पिकेना आणि शेवटी शेतही त्या दलालाच्या माणसांकडेच गेलं. आता तिथे पत्र्याचं गोडाऊन आहे. त्याच्या दारात दिवसभर कंटेनर उभे असतात.

मी या घरची मुलगी. लग्न आधी जमलं नाही, नंतर मीच जमू दिलं नाही. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका कारखान्यात मी आयुष्यभर कापड तपासायचं काम केलं. लूमवरून उतरलेला तागा टेबलावरून ओढायचा, खाली ट्यूबलाइट, आणि तुटलेली तार, तेलाचा डाग, जाळी दिसली की खडूने खूण करायची. आमचे शेठ जुन्या भिवंडीतले, कोकणी मुसलमान, बोलायला गोड. ते हसून म्हणायचे, “बाई, कभी कभी पास भी कर दिया करो.” मी करायचे, पण जिवावर यायचं. इतकी वर्षं ते काम केल्यावर मला कापड दिसतच नाही, आधी डाग दिसतो. माणसांच्या बाबतीतही माझं तेच झालंय असं वहिनी म्हणते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, भाची लग्न होऊन कल्याणला गेली, तेव्हापासून खारबावच्या पुढच्या आमच्या गावात आम्ही दोघीच राहतो. खाडीच्या कडेला आठ गुंठे तेवढे उरलेत. भाचीने हक्क सोडल्यावर सातबाऱ्यावर दोघींचीच नावं, वाटणी झालेली नाही. त्यामुळे त्या जागेचं काहीही करायचं तर दोघींची सही लागते. पुढचं सगळं या सहीपायी झालं.

मेंबर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते एका रविवारी, भर दुपारी. मेंबर म्हणजे शेजारच्या गावचे, तालुक्याच्या राजकारणात निवडून गेलेले, पन्नाशीचे गृहस्थ. सगळे त्यांना मेंबरच म्हणतात. पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल, आणि बरोबर एकही माणूस नाही. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. पुढारी एकटा आला म्हणजे ज्या कामाला आला त्याला साक्षीदार नको असणार.

“आत्या, बरी हाय ना तब्येत?” उंबऱ्यातूनच ते मला म्हणाले.

आत्या मला आमच्या गावातली पोरं म्हणतात, कारण मी गावची लेक. हा शेजारच्या गावचा. माझी याची जेमतेम तोंडओळख. कुणीतरी याला माझं नातं शिकवून पाठवलंय, असं माझ्या मनात आलं.

चुलीवर चिंबोऱ्यांचा, खाडीतल्या खेकड्यांचा, रस्सा रटरटत होता. मेंबरांनी नाकाने वास घेतला आणि सरळ ओटीवर मांडी घातली. त्यांनी जमिनीचा ज काढला नव्हता, म्हणून आईचा नियम लागू होत नव्हता. वहिनीने ताट वाढलं. तांदळाच्या दोन भाकऱ्या संपवून त्यांनी तिसरी मागून घेतली.

“काकी, यो रस्सा तुमी इकत का न्हाय?” त्यांनी विचारलं.

वहिनी हसायला लागली. “कोन घेनार वो? गावान सगल्यांच्याच घरान रांधतान.”

“गावाला कशाला इकायचा? गणेशपुरीला, वज्रेश्वरीला मानसं येतान, गरम पाण्याच्या कुंडान आंघोळ करतान, आन मग? पाकिटातला चिवडा खाऊन घरी जातान. त्यांना आपली खाडी दाखवू. होडीत बसवू, पक्षी दाखवू, आन तुमचे हातचा जेवन खायला घालू. तुमची खानावल, तुमचे नावाची पाटी.”

वहिनीच्या हातातला पळा तसाच राहिला. भाऊ होता तोवर ती भावाची बायको होती, मग भाचीची आई, आता माझी वहिनी. तिच्या नावाची पाटी कशावर असू शकते हे तिला कुणी साठ वर्षांत सुचवलं नव्हतं. तिचं तोंड बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. मी मेंबरांचं ताट जरा आदळतच उचललं.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. हे मी लपवत नाही. मेंबर खरोखर कामाला लागले होते आणि तेच मला खुपत होतं. कोणती बाई कसले पापड करते, कुणाचा मसाला वर्षभर टिकतो, कुणाच्या नवऱ्याकडे पडून असलेली होडी आहे, याची त्यांना खडान्‌खडा माहिती. बायकांच्या खाद्यपदार्थांच्या परवान्याचे अर्ज त्यांनी स्वतः भरले. एकदा मी कामासाठी भिवंडीला गेले तर ते कचेरीत रांगेत उभे! हातात आमच्या गावच्या बायकांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स. निवडून आलेला माणूस रांगेत उभा राहतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी खांबाआड अर्धा तास थांबून पाहिलं की हे कागद दुसऱ्या कुठल्या खिडकीवर तर नेत नाहीत ना. नाही नेले. घरी येऊन मी वहिनीला म्हटलं, “माणूस पक्का आहे. मी बघतेय हे त्याला कळलं असणार.”

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

पण मला सापडायचं ते सापडतच होतं. वहिनीच्या मसाल्याच्या बाटलीचं लेबल छापून आलं, त्यावर चिंबोरी नखाएवढी आणि मेंबरांचा फोटो तळहाताएवढा. मी ते लेबल महिनाभर येईल त्याला दाखवत होते. मेंबरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी छापखान्याला दोष दिला आणि दुसऱ्या खेपेला स्वतःचा फोटो काढून वहिनीचं नाव मोठं केलं. मला वाटलं, एवढ्या लवकर माघार घेतली म्हणजे याचा डोळा लेबलावर नाहीच, आणखी कशावर तरी आहे.

मग शाळेच्या मैदानावर बायकांच्या मालाचा बाजार भरला. ठाण्याहून, मुंबईहून गाड्या आल्या. वहिनीचा टोप दुपारी एकलाच रिकामा झाला, आणि लोक तिला विचारत होते, “मावशी, एरवी तुमचं दुकान कुठे असतं?” ती गोंधळून माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचे. त्या दिवशी घरी येताना ती रिक्षात एकटीच हसत होती. मला म्हणाली, “ताई, खाडीवर शेड घालूया. दोन बाकडी, एक चूल. मी रांधीन, तुम्ही गल्ल्यावर बसा. तुम्हाला कोन फसवनार?” हे ऐकून मी सुद्धा हसले. मी हो म्हटलं. त्या रिक्षात मी मनापासून हो म्हटलं होतं, हे मला सांगायचंय, कारण पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटणार नाही.

पंधरा दिवसांनी मेंबर पुन्हा आले. या वेळी हातात फाइल. आमच्या आठ गुंठ्यांपर्यंत गाडी जात नाही; गावाच्या रस्त्यापासून बांधावरून चालत जावं लागतं. पर्यटकांसाठी रस्ता मंजूर करून घेतो, म्हणाले, बांधाच्या कडेची सरकारी पट्टी आहे, थोडी तुमच्या जागेची लागेल, त्याला दोघींची संमती द्या. मी उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला. वहिनी चहाचं आधण ठेवत होती. मी गॅस बंद केला.

मी कागद खिडकीशी नेऊन ओळीओळीने वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: रस्त्याची रुंदी सहा मीटर.

“सहा कशाला?” मी विचारलं.

“दोन मिनी बस समोरासमोर आल्या तर जायला नको, आत्या?”

“आमच्या खानावळीत दोन-दोन बस येणार?”

“आल्या तर?” मेंबर हसले.

मला ते हसणं पाठ केल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी एक जुनी सहावारी साडी घेतली. पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपाच मीटर, वर एक हात धरला की सहा. मीटर माझ्या हाताला कळतो, त्याला टेप लागत नाही. बांधाजवळ साडी आडवी अंथरली. ती वाट कुठच्या कुठे गिळून आमच्या जागेत आली. मग मी साडीची घडी केली, रिक्षा धरली आणि वडिलांच्या शेतावर गेले. गोडाऊनच्या फाटकातला वॉचमन उत्तर प्रदेशचा. त्याच्यासमोर मी रस्त्यावर साडी पसरायला लागले तर तो घाबरला.

“माताजी, ये क्या कर रही हो? गाडी आ जाएगी!”

“एक मिनिट,” मी म्हटलं आणि वाकून बघितलं. साडी आणि एक हात. या काठापासून त्या काठापर्यंत बरोबर.

मी तशीच साडी हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. समोर वडिलांचं शेत होतं, म्हणजे पत्रा होता. मला वाटलं, सापडला डाग. वर्षभर शोधत होते तो सापडला. त्यात भर म्हणून मला हेही कळलं की मेंबरांच्या मेहुण्याचा गोडाऊन भाड्याने द्यायचा धंदा आहे. मग आणखी काय हवं? आमच्या तालुक्यात लहान मूलही सांगेल, सहा मीटरचा रस्ता म्हणजे कंटेनर. दुसरं कुणी त्यावरून येऊ शकतं हे आम्हाला सुचतच नाही.

मेंबर तिसऱ्यांदा आले तेव्हा मी सगळं तोंडावर बोलले. मेहुण्याचंही बोलले. त्यांना वाईट वाटलं असावं. मान खाली घालून बसले. मग म्हणाले, “मेव्हना हाय, खोटा न्हाय बोलत. त्याचा धंदा त्याचे जागी. तुमची काय अट हाय ती लिवा कागदावर. मी सही करतंय.”

मी तयारच होते. लिहायला सांगितलं की या रस्त्यावरून अवजड वाहन जाणार नाही, बाजूच्या जागेत गोडाऊन होणार नाही, आणि तसं झालं तर संमती रद्द. मेंबरांनी खिशातून पेन काढलं आणि शब्दाला शब्द लिहून खाली स्वतःची सही ठोकली. मग पेन माझ्यापुढे केलं.

वहिनीने माझ्या आधीच आपली सही केली होती. कागदावर तिची सही, शाळकरी, सावकाश काढलेली, आणि शेजारी माझी रिकामी जागा. मी पेन हातात घेतलं. आणि मला वाटलं, इतक्या सहज? घासाघीस नाही, एक शब्द बदलून मागितला नाही. ज्याला वचन पाळायचंय तो माणूस वचन देताना दहादा विचार करतो. हा एका झटक्यात देतोय, म्हणजे कुठेतरी पाणी नक्की मुरतंय. मी पेन खाली ठेवलं.

“आता काय ऱ्हायला, आत्या?” मेंबरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

“मला नाही करायची सही,” मी म्हटलं.

ते गेल्यावर वहिनी बराच वेळ भांडी घासत बसली. मग तिथूनच म्हणाली, “ताई, त्यांनी अट लिवायला न्हाय म्हटला असता तर तुम्ही सही केली असती?”

“छे! नाही म्हटलं असतं तर कशी करणार?”

“आन त्यांनी हो म्हटला.”

मी म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि आत निघून गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी कधी हरत नाही.

मेंबरांनी महिनाभर वाट बघितली आणि रस्ता खाडीचं पाणी आत शिरलेल्या फाट्यापलीकडे, स्वतःच्या गावाच्या अंगाने नेला. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, शेवटी स्वतःच्याच गावात नेला ना? लोकांनी मान डोलावली. त्यातल्या दोघीतिघी मात्र पुढच्याच आठवड्यात पापडांच्या पिशव्या घेऊन तिकडे जायला लागल्या. तिथे एका बाईने शेड घातली. तिला रांधणारी हवी होती. एके सकाळी वहिनी नऊवारी सोडून साधी साडी नेसली, तिने डबा भरला आणि मला म्हणाली, “मी कामाला जातेय. भात झाकून ठेवलाय.” पलीकडच्या गावाला जायचं म्हणजे आधी नाक्यापर्यंत चालत आणि मग शेअर रिक्षा. ती रोज जायला लागली. घरात नुसती मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

मी सहा महिने तिकडे पाऊल टाकलं नाही. मग एक दिवस गेले. वहिनीला भेटायला गेले असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं सांगायचं तर मी कंटेनर बघायला गेले होते. रस्ता खडीचा, नवा, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. मी एका दगडावर बसले. दोन रिक्षा गेल्या, एक दुधाची मोटरसायकल गेली. मग लांब धूळ उठली आणि मोठ्या गाडीचा आवाज आला. मी ताडकन उभी राहिले. माझं काळीज आनंदाने उडत होतं. हो, आनंदाने. आला, शेवटी आला, आता सगळ्यांना बोलावून दाखवते, असं मला वाटत होतं. ती धूळ जवळ आली तेव्हा तिच्यातून एक बस निघाली. काचेला गणेशपुरीच्या फुलांचा हार लटकत होता. आत माझ्या वयाच्या बायका, केस ओले, कुणी गाणं म्हणत होत्या. ड्रायव्हरने मला विचारलं, “आजी, जेवण मिळतं ती शेड याच रस्त्याला का?”

मी हो म्हटलं. माझी मला लाज वाटली. वर्षभर मी त्या माणसात पाप शोधत होते आणि आता रस्त्याच्या कडेला उभी राहून पाप येवो म्हणून वाट बघत होते.

बसच्या मागोमाग मी शेडमध्ये गेले आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले. वर दुसऱ्याच बाईच्या नावाची पाटी होती. वहिनी चुलीशी होती, घामाघूम. तिने मला बघितलं, माझ्यापुढे ताट आणून ठेवलं आणि परत चुलीकडे गेली. बसमधल्या बायका बोटं चाटून जेवल्या. त्यातली एक उठून चुलीपाशी गेली. “काय चव आहे हो तुमच्या हाताला! दुसऱ्याकडे कशाला राबता? स्वतःचं का नाही काढत?”

मी घास तसाच धरून ठेवला. आता ती माझ्याकडे बोट दाखवेल असं मला वाटलं. दाखवायला हवं होतं, मी तयार होते.

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली. “जागा न्हाय ना, बाय,” ती म्हणाली.

शेडला भिंती नाहीत. मी बसले होते तिथून फाट्याच्या पाण्यापलीकडे आमचे आठ गुंठे दिसत होते, पुरुषभर गवत वाढलेले.